घरातल्या मांजराला गवत द्यावं का? द्यायचं तर कसं?

उत्तर आधीच सांगून टाकते. गवत मिळालं नाही म्हणून मांजराचं काही अडत नाही. पण स्वच्छ, ताजं, घरी उगवलेलं गवत बहुतेक निरोगी मांजरांना द्यायला हरकत नाही, आणि जे मांजर कायम घरातच असतं त्याला तर ते आवर्जून द्यावं असं माझं मत आहे. पोषणासाठी नव्हे. हिरवं काहीतरी चावायची ऊर्मी मांजराच्या अंगात मुळातच असते. तिला हक्काची जागा मिळाली नाही की ते घरातल्या कुंड्यांकडे वळतं, आणि त्यातली काही झाडं त्याच्या जिवावर बेतू शकतात.

गवत उगवणं अगदी सोपं आहे, ते पुढे सविस्तर येईलच. त्याआधी मांजर गवत का खातं ते समजून घ्यायला हवं. नाहीतर ‘गवत खाल्लं म्हणजे पोट बिघडलं’ हीच समजूत धरून आपण बसतो, आणि खरोखर पोट बिघडतं तेव्हा ‘गवताने उलटी झाली असेल’ म्हणून दुर्लक्ष करतो.

मांसाहारी प्राणी आणि गवत

मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन (एक अमिनो आम्ल), तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व, अ‍ॅराकिडोनिक आम्ल (एक मेदाम्ल) या गोष्टी त्याला प्राण्यांच्या शरीरातूनच मिळवाव्या लागतात. मोठ्या मांजराला ३० दात असतात, पण दळणारी, सपाट दाढ त्यात एकही नाही. जबडा वर-खाली हलतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही.

मांजर गवत खाताना एकदा जवळ बसून पाहा. पुढच्या दातांनी ते पातं कुरतडत नाही. मान एका बाजूला कलंडते, डोळे अर्धवट मिटतात, पातं गालाच्या आतल्या बाजूला, मागच्या धारदार दाढांपर्यंत जातं. मग मानेला एक हिसका बसतो आणि पातं तुटतं किंवा उपटून हातात, म्हणजे तोंडात, येतं. दोन-चारदा चावल्यासारखं करून ते तसंच लांबच्या लांब गिळलं जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी शीमध्ये किंवा उलटीत ते पातं जवळजवळ जसंच्या तसं, हिरवंगार दिसतं. गवतातला सेल्युलोज, म्हणजे त्याचा चिवट तंतू, फोडायची सोय मांजराच्या पोटात नाही.

गवतातून मांजराला फोलिक आम्ल मिळतं असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. मला त्यात फारसा दम वाटत नाही. जे पातं न चुरडता आत जातं आणि तसंच बाहेर येतं, त्यातून मिळून मिळणार किती? मांजराचा आहार नीट असेल तर फोलिक आम्ल त्याला मांसातून, विशेषतः यकृतासारख्या भागांतून, आणि तयार खाद्यातून मिळतच असतं. गव्हांकुराची गोडी मांजराला ओढते, हेही खरं नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचा (जिभेवरच्या चव टिपणाऱ्या घटकाचा) एक जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. मांजराला गोड लागतच नाही.

मग ते खातं कशाला? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागातल्या बेंजामिन हार्ट, लिनेट हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठी पाहणी केली. दिवसातले किमान ३ तास ज्यांची नजर आपल्या मांजरावर असते अशा १,००० हून अधिक लोकांना त्यांनी प्रश्न विचारले. ७१ टक्के मांजरांना त्यांच्या पालकांनी किमान ६ वेळा गवत किंवा इतर झाडपाला खाताना पाहिलं होतं. एकदाही न खाल्लेली मांजरं फक्त ११ टक्के. सर्वांत बोलका आकडा असा की, झाडपाला खाण्याआधी आपलं मांजर आजारी वाटत नव्हतं असं ९१ टक्के लोकांनी सांगितलं. खाल्ल्यानंतर वारंवार उलटी करणारी मांजरं होती, पण ती सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश. तरुण मांजरं जास्त वेळा गवत खात होती आणि तरी उलटी कमी करत होती. हे सगळं २०२१ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालं. मळमळतंय म्हणून मांजर गवत खातं आणि उलटी काढून मोकळं होतं, ही जुनी समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. तसं असतं तर आधी आजारी दिसणारी आणि नंतर ओकणारी मांजरं बहुसंख्य असती.

हार्ट यांचं म्हणणं असं की ही सवय रानटी पूर्वजांकडून आली. गवताचे न पचणारे तंतू आतड्याची हालचाल वाढवतात आणि तिथले जंत पुढे ढकलले जातात. बिबट्या आणि वाघ यांच्या विष्ठेतही गवत सापडतं. टांझानियातल्या महाले भागातल्या चिंपांझींवर मायकेल हफमन या संशोधकांनी केलेलं काम याच्याशी जुळतं. ते चिंपांझी खरखरीत पानं न चावता, घडी घालून गिळतात आणि त्या पानांबरोबर जंत बाहेर पडतात. आज तुमच्या मांजराच्या पोटात एकही जंत नसेल, तरी सवय अंगात उरलेलीच आहे. म्हणून गवताला जंतनाशकाचा पर्याय मात्र समजू नका. घरातल्या मांजराचंही जंतनाशकाचं वेळापत्रक पशुवैद्याला विचारून पाळायचंच.

केसांचं काय, हा पुढचा प्रश्न. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक कडक काटे असतात. चाटताना अडकलेला केस त्याला थुंकून टाकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीवाटे निघून जातात, उरलेल्यांची वळकटी होते. गवताच्या पात्याला सूक्ष्म करवती कडा असते, सिलिकाचे कण असतात. त्यात केस अडकून बाहेर यायला मदत होत असावी, असं केसांच्या गोळ्यांचं सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करणाऱ्यांनी अलीकडे मांडलं आहे. पण हार्ट यांच्या पाहणीत लांब केसांची मांजरं आखूड केसांच्या मांजरांपेक्षा जास्त गवत खाताना आढळली नाहीत. माझ्या मते केसांसाठी गवत ही झाली तर थोडीफार मदत. खरं काम ब्रशचं आहे. लांब केसांच्या मांजराला रोज आणि आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून दोन-तीनदा विंचरलंत तर पोटात जाणारा केसच कमी होतो.

कुणाला गवत देऊ नये

आधी आतड्यात अडथळा होऊन गेला असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, आतड्याचा जुनाट दाह किंवा मोठ्या आतड्याचा गंभीर बद्धकोष्ठ असेल, तर पशुवैद्याने हो म्हटल्याशिवाय गवत देऊ नका. विशेष आहारावर ठेवलेल्या मांजराच्या बाबतीतही विचारून घ्या. जे मांजर सध्या उलट्या करतंय त्याला ‘पोट साफ होईल’ म्हणून गवत देणं तर अजिबात नको. पिल्लांना आईचं दूध सुटून घन आहार नीट सुरू झाल्यावर, थोडं थोडं, आपल्या डोळ्यांसमोर द्यावं. पिल्लं काहीही तोंडात घालतात, मातीसुद्धा.

आणि एक नीट पाहा: तुमचं मांजर फक्त गवत-पानंच चावतं, की प्लास्टिक, लोकर, पुठ्ठा, लिटर ट्रेमधली, म्हणजे शी-शूच्या पेटीतली, मातीही? अखाद्य वस्तू खाण्याची सवय वेगळी असते. सयामी आणि बर्मीज मांजरांमध्ये लोकर चावण्याची प्रवृत्ती जास्त दिसते. लिटर चाटणारं मांजर रक्तक्षयाचं असू शकतं. त्याच्या हिरड्या फिकट दिसतात का ते बघा आणि दवाखान्यात जा. अशा मांजराचं उत्तर गवताच्या कुंडीत नाही.

कोणतं गवत

‘कॅट ग्रास’ नावाने मिळतं ते निराळं काही नसतं. गहू, ओट्स, सातू म्हणजे बार्ली, किंवा राय नावाचं धान्य (मोहरी नव्हे) यांचे कोवळे अंकुर. चारही चालतात. गहू सर्वांत खात्रीने उगवतो. ओट्सची पाती रुंद आणि मऊ असतात, बऱ्याच मांजरांना तीच पसंत पडतात. सातू झपाट्याने वाढतो पण लवकर राठ होतो. पहिल्यांदा करणाऱ्याने गव्हापासून सुरुवात करावी.

कॅटनिप ही वेगळी वनस्पती. ती पुदिन्याच्या कुळातली. तिच्यातल्या नेपेटालॅक्टोन या द्रव्यामुळे सुमारे दोन तृतीयांश मांजरं लोळतात, घासतात, थोडा वेळ धुंद होतात, आणि हा गुण आनुवंशिक असतो. कॅटनिप हुंगण्याची गोष्ट, गवत चावण्याची. एकाची गरज दुसऱ्याने भागत नाही.

बाहेरच्या हिरवळीवरचं गवत उपटून आणू नका. त्यावर तणनाशक, कीटकनाशक किंवा खत मारलंय का ते बघून कळत नाही. परमेथ्रिनसारखी कीटकनाशकं माणसाला आणि कुत्र्याला सहज सोसतात, मांजराला मात्र ती विषारी आहेत, कारण त्याच्या यकृताला ती नीट निकामी करता येत नाहीत. शिवाय इतर जनावरांच्या विष्ठेतून आलेली जंतांची अंडी पात्यावर असतात, आणि गोगलगायींवाटे मांजराच्या फुप्फुसातले जंत पसरतात. राठ झालेल्या, ओंब्या आलेल्या गवताची कुसळं तर नाकात, कानात, हिरडीत रुतून बसतात.

उगवायचं कसं

बियाणं निवडताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. पेरणीसाठी विकलं जाणारं बियाणं अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते गुलाबी, लाल, निळं किंवा हिरवट दिसतं. ते धुऊनसुद्धा वापरायचं नाही. खाण्यासाठीचे, अख्खे, प्रक्रिया न केलेले गहू उत्तम. ओट्स सालासकट हवेत. न्याहारीच्या चपट्या ओट्सना आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या बार्लीला मोड येत नाहीत.

मूठभर दाणे दोन-तीनदा धुऊन रात्रभर, म्हणजे ८ ते १२ तास, साध्या पाण्यात भिजत ठेवा. वर तरंगणारे दाणे काढून टाका. सकाळी पाणी ओतून चाळणीत निथळा. हवं तर एक दिवस ओल्या फडक्यात बांधून मोड काढा, नाहीतर थेट पेरा.

भांडं पसरट आणि जड घ्या. १५ ते २० सेंटिमीटर रुंद, ८ ते १० सेंटिमीटर खोल, तळाला भोकं असलेलं. मातीचं किंवा चिनी मातीचं उत्तम, कारण मांजर पातं ओढतं तेव्हा हलकं प्लास्टिकचं भांडं कलंडतं आणि सगळी माती जमिनीवर येते. आत साधी कुंडीची माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं चालतं. खत घालू नका. दाण्यात स्वतःपुरतं अन्न असतं, दोन-तीन आठवडे त्याला बाहेरून काही लागत नाही. एरंडीच्या पेंडीचं खत तर मांजराच्या घरात कुठल्याच कुंडीत नको. एरंडाच्या बीमध्ये रिसिन हे अतिशय जहाल विष असतं, आणि पेंडीचा वास जनावरांना खायच्या वस्तूसारखा लागतो.

माती ओलसर करून वर दाण्यांचा एकच दाट थर पसरा. दाणे एकमेकांना टेकले तरी चालतील, पण एकावर एक चढू देऊ नका. तिथेच बुरशी धरते. त्यावर अर्धा ते एक सेंटिमीटर माती भुरभुरा, पाणी शिंपडा आणि वर ताटली किंवा ओलं कापड झाका. हवा गरम असेल तर दोन दिवसांत, थंड असेल तर चार दिवसांत पांढरे कोंब वर येतील. कोंब दिसले की झाकण काढून भरपूर उजेडात, पण तळपत्या उन्हापासून जरा दूर ठेवा. पिवळट पाती दिवसाभरात हिरवी होतात. पाणी शक्यतो खालून द्या: भांडं पाण्याच्या ताटात १०-१५ मिनिटं ठेवायचं, मग उचलून निथळायचं. वरून रोज पाणी ओतलं की देठांच्या बुंध्याशी ओल साचते.

पहिल्या काही दिवसांत मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि बरेच जण बुरशी म्हणून सगळं फेकून देतात. ती बहुतेक वेळा मुळांची स्वतःची लव असते. ती मुळाच्या भोवती सारखी, नीटस असते, आणि पाणी शिंपडलं की मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यांवर आणि मातीवर पसरते, पाण्याने जात नाही, राखाडी किंवा हिरवट होते आणि कुबट वास येतो. बुरशी असेल तर वरवर पुसून वापरू नका. सगळं टाकून द्या, भांडं गरम पाण्याने घासून वाळवा आणि पुढच्या वेळी दाणे जरा विरळ पेरून वारं खेळू द्या.

सकाळी पात्यांच्या टोकावर पाण्याचे टपोरे थेंब दिसतील. ते दव नाही. मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पातं टोकातून बाहेर टाकतं. गवत खायच्या आधी काही मांजरं ते थेंबच चाटून घेतात. त्यात काळजीचं काही नाही.

एकच कुंडी करू नका. पहिली पेरल्यावर आठ-दहा दिवसांनी दुसरी पेरा. पहिलीची पाती झडू लागतात तोवर दुसरी तयार होते.

द्यायचं कधी आणि कसं

पाती ८ ते १० सेंटिमीटर उंच झाली की गवत तयार. त्याला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. पण उंचीपेक्षा मुळांची पकड महत्त्वाची. एक पातं चिमटीत धरून मांजरासारखा हिसका द्या. ते तुटलं तर कुंडी मांजरापुढे ठेवायला हरकत नाही. दाण्या-मुळासकट उपटून आलं तर आणखी दोन दिवस थांबा, नाहीतर मांजर मातीसकट गिळेल.

पहिल्या वेळी कुंडी समोर ठेवून पाच-दहा मिनिटं जवळ बसा. चार-पाच पाती खाल्ली की उचलून घ्या आणि पुढचा एक दिवस बघा. उलटी नाही, शी नेहमीसारखी, जेवण नेहमीसारखं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. हळूहळू कुंडी दिवसभर बाहेर ठेवता येते का ते मांजरच दाखवतं. काही मांजरं येता-जाता एखाद-दुसरं पातं ओढतात आणि निघून जातात, त्यांच्यासाठी कुंडी कायम ठेवली तरी बिघडत नाही. काही मात्र हावरटासारखी बसून निम्मी कुंडी संपवतात. अशांना आठवड्यातून दोन-तीनदा, मोजकं द्यावं आणि पाती कात्रीने पाच-सहा सेंटिमीटरवर छाटून मग पुढे ठेवावीत. लहान तुकडा घशात वळून नाकाच्या मागे जाण्याची शक्यता कमी असते.

जागा निवडताना लिटर ट्रेपासून लांब, आणि जिथे मांजर आपणहून बसतं तिथे, म्हणजे खिडकीजवळ वगैरे ठेवा. घरात दोन-तीन मांजरं असतील तर कुंड्याही तेवढ्या आणि एकमेकींपासून दूर हव्यात. एकच कुंडी असली की दबणारं मांजर घाईने गिळतं किंवा फिरकतच नाही. मांजर मातीत उकरत असेल किंवा कुंडीचा लिटर ट्रे करत असेल, तर मातीवर गिळता येणार नाहीत असे मोठे गुळगुळीत दगड पसरा. घरात बसून कंटाळलेल्या मांजराला ओढायला, हुंगायला, फाडायला काहीतरी जिवंत मिळतं, आणि घरातल्या मांजराचा गवतामुळे होणारा हा फायदा मला केसांपेक्षाही मोठा वाटतो.

गवत खालून पिवळं पडायला लागलं, पाती राठ झाली किंवा वास बदलला की कुंडी बदला. साधारण दोन-तीन आठवडे पुरते. एकदा छाटल्यावर पुन्हा फुटणारं गवत विरळ आणि कमजोर येतं, त्याच्यामागे लागू नका.

घरातल्या इतर कुंड्या

गवत आणलं म्हणजे मांजर बाकीच्या झाडांना तोंड लावणार नाही, अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून गवताची पहिली कुंडी पेरायच्या दिवशीच घरातल्या प्रत्येक झाडाचं नाव शोधून काढा. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेची विषारी आणि बिनविषारी झाडांची यादी त्यासाठी फार उपयोगी पडते. शास्त्रीय नावाने शोधा, कारण बाजारातली नावं फसवतात.

लिलीबद्दल कसलीही तडजोड नको. खऱ्या लिली आणि डे-लिली यांचं पान, पाकळी, अगदी अंगावर सांडून चाटला गेलेला पराग किंवा फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत निकामी करू शकतं. पहिल्या काही तासांत थोडी उलटी, मरगळ दिसते, मग मांजर सावरल्यासारखं वाटतं, आणि आतल्या आत नुकसान चालूच राहतं. लिलीशी संबंध आल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा, झाडाचा फोटो घेऊन. भेट म्हणून आलेल्या पुष्पगुच्छातही लिली असते, तो उघडायच्या आधी बघा.

सायकस (सागो पाम) यकृत नासवतं. कण्हेर आणि पानफुटीचं कुळ यांचा मार हृदयावर बसतो. ही झाडंही मांजराच्या घरात नकोतच. मनी प्लांट, डिफेनबाकिया, फिलोडेंड्रॉन यांच्या पानांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. चावलं की तोंड भाजल्यासारखं होतं, लाळ गळते, जीभ सुजते. जिवावर सहसा बेतत नाही, पण मांजराचे हाल होतात. पीस लिलीही याच गटातली, ती खरी लिली नव्हे. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात. कांदा-लसणाच्या पातीने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून गवतासारखी दिसली तरी ती पात त्याच्या वाट्याला येऊ देऊ नका. गवती चहाही गवतच, पण त्यातल्या तेलांनी पोट बिघडतं, तोही उंचावर ठेवा. स्पायडर प्लांट आणि अरेका पाम ही तशी निर्धोक झाडं, चावली तर फार तर एखादी उलटी.

उलटी झाली तर

गवत खाल्ल्यावर कधीतरी पातं, थोडा फेस, एखादी केसांची वळकटी बाहेर पडली आणि त्यानंतर मांजर नेहमीसारखं जेवलं, खेळलं, तर घाबरायचं कारण नाही. पण दर आठवड्याला केसांचा गोळा पडत असेल तर ते ‘मांजरांचं असतंच’ म्हणून सोडून देऊ नका. पिसवा, त्वचेची अ‍ॅलर्जी, वेदना किंवा ताण यांमुळे मांजर जास्त चाटत असेल, किंवा आतडं नीट सरकत नसेल. गवत बंद करून दोन आठवडे उलट्यांची तारखेनुसार नोंद ठेवा. फोटो घ्या. गवत बंद असतानाही उलट्या होत असतील तर गवताचा दोष नव्हताच, आणि ती वही पशुवैद्याच्या फार कामाची ठरते.

लगेच दवाखाना गाठायचा तो एका दिवसात तीन-चारदा उलटी झाली तर, उलटीत रक्त दिसलं तर, पोटाला हात लावू देत नसेल, पाणीही राहत नसेल, किंवा २४ तास काही खाल्लं नसेल तर. मांजराने, त्यातही लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस उपास काढला की यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. मान पुढे ताणून, जमिनीलगत दबून मांजर खाकरतंय आणि बाहेर काहीच पडत नाही, असं वारंवार होत असेल तर तो केसांचा गोळा नसून दमा असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर मांजर ते करून दाखवत नाही.

गवताचाच म्हणावा असा एक त्रास मात्र ओळखून ठेवा. ओकताना पातं कधीकधी उलटं वर जाऊन टाळूच्या मागे, नाकाच्या वाटेत अडकतं. मांजर अचानक सटासट शिंकायला लागतं, सारखं गिळतं, घशात काही अडकल्यासारखं करतं, काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण यायला लागते. प्रतिजैविकांनी तात्पुरतं बरं वाटतं आणि औषध थांबलं की पुन्हा तेच. पशुवैद्याला ‘हे मांजर गवत खातं’ एवढं आवर्जून सांगा. भूल देऊन मऊ टाळू पुढे ओढली की ते पातं बहुतेकदा दिसतं आणि चिमट्याने काढता येतं.

शी करताना पातं अर्धवट लोंबत राहिलं तर ओढू नका. बाहेरचा भाग कात्रीने कापा, उरलेलं पुढच्या वेळी निघून जातं. ते पातं नसून दोरा असेल तर मात्र हातही लावू नका आणि लगेच निघा. दोऱ्याचं दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर ओढल्याने आतडं कापलं जातं.

मांजर गवताकडे ढुंकूनही पाहत नसेल तर

कुंडी आठवडाभर जागेवर राहू द्या, एखादं पातं हातात धरून खेळण्यासारखं हलवा, गव्हाऐवजी ओट्स पेरून बघा. वयस्कर किंवा दात दुखणारी मांजरं कधीकधी ताठ पात्यांना नाकारतात, त्यांना पाच सेंटिमीटरची कोवळी पाती आवडतात. आणि आधी आवडीने खाणाऱ्या मांजराने गवत एकदम सोडलं तर तोंड उघडून हिरड्या बघायला हव्यात. एवढं करूनही नकोच असेल तर तो विषय तिथेच सोडा. गवत चिरून जेवणात मिसळायची गरज नाही, त्याने फक्त जेवण टाकलं जातं.